जामीन झाला, पण माणूस आतच आहे

प्रति,
राज्यातल्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या विधी सेवा प्राधिकरणांचे माननीय पदाधिकारी यांस

विषय: लोक अभिरक्षक कार्यालयांत समाजकार्यकर्त्याचं कायम पद असण्याबाबत

महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर एका पानाचं पत्र आलं. ज्या प्रकल्पातून माझा पगार होत होता त्याची मुदत संपते आहे, कार्यालयाच्या मंजूर पदांमध्ये समाजकार्यकर्त्याचं पद नाही, सबब पुढच्या महिन्याच्या अखेरीस माझं काम थांबेल, असं त्यात होतं. शेवटची ओळ अशी होती की हे काम यापुढे कार्यालयीन सहायक आणि विधी स्वयंसेवक यांच्याकडून करून घेता येईल.

पत्रावर सही करणाऱ्यांवर माझा राग नाही. नियमात पद नाही, हे खरंच आहे. माझी तक्रार त्या नियमाबद्दल आहे, आणि ती एका जिल्ह्यापुरती नाही. म्हणून जिल्ह्याचं नाव न घालता, कुणालाही वाचता येईल असं हे पत्र लिहिते आहे. माझी नोकरी जाते आहे, तेव्हा यात माझा स्वार्थ आहे असं कुणाला वाटलं तर त्यात चूक नाही. पण उद्या माझ्या जागी दुसऱ्या कुणाला नेमलंत, तर माझी तक्रार मिटेल. ती जागाच राहू नये, हे मला गप्प बसून मान्य करता येत नाही.

मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण, केलं, पहिली तीन वर्षं एका संस्थेतर्फे कारागृहात काम केलं आणि नंतरची साडेतीन वर्षं लोक अभिरक्षक कार्यालयात. मंगळवारी आणि शुक्रवारी मी जेलमध्ये असते. बाकीचे दिवस कोर्टात, तलाठ्याकडे, एसटी स्टँडवर, कुणाच्या तरी वस्तीवर. ज्यांना वकील परवडत नाही अशांचे खटले आमचे वकील चालवतात. मी खटला चालवत नाही. खटल्याच्या आजूबाजूला त्या माणसाचं जे आयुष्य असतं, ते धरून ठेवायचा मी प्रयत्न करते.

हे काम म्हणजे नेमकं काय, ते एका मुलाच्या गोष्टीवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून या पत्रातल्या सगळ्यांचेच काही तपशील बदलले आहेत.

बीडकडचा बावीस वर्षांचा ऊसतोड कामगार. शेतातली पाण्याची मोटर चोरल्याचा आरोप. आमच्या वकिलांनी पहिल्याच अर्जात जामीन मिळवला. पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेची हमी देणारा एक जामीनदार. रोजनाम्यात नोंद झाली, वकिलांच्या फायलीवर ‘जामीन मंजूर’ असं लिहिलं गेलं, आणि कागदोपत्री ते काम संपलं. त्यानंतर जवळपास चार महिन्यांनी बराकीत नव्या लोकांची नावं लिहून घेताना तो मुलगा मला भेटला. म्हणाला, “ताई, वकीलसाहेब बोलले जामीन झाला. मग मला सोडत का न्हाईत?”

जामीनदार म्हणजे कोण, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. घरी कळवलं का, असं विचारलं तर मोबाइल पोलिसांनी मुद्देमालात जमा केलेला, आणि नंबर एकही पाठ नाही. आज कुणाला पाठ असतात? त्याचे आईवडील टोळीत होते. मधल्या काळात हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला, टोळी गावाकडे परतली. पोरगा उचल बुडवून पळाला, असं मुकादमानं सगळ्यांना सांगितलं होतं आणि आईवडिलांनी ते खरं मानलं होतं.

मी कारखान्याच्या गट ऑफिसला फोन लावले. चौथ्या दिवशी एका स्लिपबॉयनं मुकादमाचा नंबर दिला. मुकादमानं दोनदा फोन कापला, तिसऱ्यांदा गावातल्या किराणा दुकानाचा नंबर सांगितला. त्या दुकानातून त्याच्या आईशी बोलणं झालं. पोरगा जेलमध्ये आहे हे ऐकून ती माउली रडली, आणि मग म्हणाली, “जित्ता हाय ना?” चार महिने तिला ते माहीत नव्हतं.

त्यांच्या नावावर जमीन नाही. चुलत्याच्या नावावर दीड एकराचा सातबारा होता, तो घेऊन चुलता रात्रीच्या गाडीनं आला. कोर्टात त्याला सांगण्यात आलं की जामीनदार याच जिल्ह्यातला हवा. चुलता संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. तिकिटाचे पैसे आणि दोन दिवसांची मजुरी बुडाली. मग मी बसून तीन पानांचा सामाजिक अहवाल लिहिला: हे कुटुंब कुठलं, कमावतं कोण, मुलगा आधी कुठल्या गुन्ह्यात होता का, दर हंगामाला ही टोळी कुठे उतरते, तारखेला तो कसा येईल, त्याला कोण घेऊन येईल. वकिलांनी तो अर्जाला जोडला आणि अट बदलून मागितली. न्यायालयानं पाच हजारांच्या रोख जामिनावर सोडलं. ते पाच हजार आईनं गावातल्या बचत गटातून उचलले.

यात वकिलीचं काम दोन अर्जांचं होतं आणि ते आमच्या वकिलांनी चोख केलं. उरलेलं सगळं काम कुणाच्याच पदाच्या कर्तव्यसूचीत नाही. माझ्याही नाही, कारण माझं पदच नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार योजनेच्या आखणीबद्दल आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेनुसार जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्ण वेळ बचाव वकिलांची कार्यालयं आली. आपण मराठीत त्यांना लोक अभिरक्षक कार्यालय म्हणतो. मुख्य लोक अभिरक्षक, उपमुख्य, सहायक अशी वकिलांची उतरंड ठरली. जोडीला कार्यालयीन सहायक, स्वागतकक्षात बसणारा डेटा एन्ट्री ऑपरेटर आणि शिपाई. पूर्वी पॅनेलवरचे वकील आपापली खासगी प्रॅक्टिस सांभाळून ही कामं करत, त्यापेक्षा ही व्यवस्था कितीतरी चांगली आहे. हे मी मनापासून लिहिते, कारण दोन्ही दिवस मी पाहिले आहेत. आता वकील रिमांडला हजर असतो आणि फाइल हरवत नाही. पण ही योजना आखताना गरीब आरोपीला फक्त वकीलच लागतो असं धरलं गेलं. तुरुंगात पहिल्या दिवशी माणूस कलम कुठलं लागलं हे विचारत नाही. घरी कळवलं का, हातगाडी रस्त्यावर राहिली ती कुणी नेली का, बीपीच्या गोळ्या मिळतील का, हे तो विचारतो. या प्रश्नांना उत्तर मिळेपर्यंत त्याला वकिलाचं बोलणं ऐकूच येत नाही.

दुसरी तक्रार सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांबद्दल आहे. आदेश आहेत, स्पष्ट आहेत, आणि ते पाळायला माणूस नेमलेला नाही. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात न्यायालयानं सांगितलं की जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. सचिवांनी त्या कैद्याशी बोलून त्याच्या सुटकेसाठी मदत करायला विधी स्वयंसेवक किंवा कारागृहाला भेट देणारा वकील पाठवावा. त्याची सामाजिक आणि आर्थिक स्थिती सांगणारा अहवाल परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) किंवा विधी स्वयंसेवकाच्या मदतीनं तयार करावा, म्हणजे अट शिथिल करताना न्यायालयाला त्याचा उपयोग होईल. महिनाभरात हमी देता आली नाही, तर न्यायालयानं स्वतःहून अट बदलण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरल्यामुळे सुटका लांबते, हेही त्याच आदेशात आहे. वर सांगितलेल्या चुलत्याला परत पाठवलं, ते या आदेशानंतर.

आणि हा आदेश तरी नवा कुठे आहे? १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं होतं. खालच्या न्यायालयानं दहा हजारांचा जामीन मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याचा जामीन नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. तेव्हापासून पंचेचाळीसहून अधिक वर्षं झाली. निकाल आला की कायदा आपोआप खाली पोचतो असं आपण धरून चालतो. तो तलाठी कार्यालयापर्यंत, जामिनाच्या टेबलापर्यंत कुणीतरी चालत नेऊन पोचवावा लागतो.

तीच गत २०२३ मध्ये आलेल्या गरीब कैद्यांच्या योजनेची. केंद्रीय गृह मंत्रालयाची ही योजना, वर्षाला २० कोटींची तरतूद. सुरुवातीच्या सूचनांनुसार पैशांअभावी आत राहिलेल्या कच्च्या, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, कैद्याला ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंड न भरता आल्यानं अडकलेल्या पक्क्या कैद्याला २५,००० रुपयांपर्यंत मदत ठरली होती. काही गंभीर कायद्यांखालचे गुन्हे वगळले आहेत, पण माझ्या वहीतली बहुतेक माणसं यात बसतात. जिल्हास्तरावर समिती आहे. त्या समितीपुढे प्रकरण जायचं, तर या माणसाला खरोखरच पैसे भरता येत नाहीत याची चौकशी आधी कुणीतरी करायची. मार्गदर्शक सूचनांमध्ये त्यासाठी समाजकार्यकर्ते, संस्था, परिविक्षा अधिकारी यांची मदत घ्यावी असं लिहिलं आहे. समाजकार्यकर्ता हा शब्द सरकारच्याच कागदावर आहे. माणूस मात्र कार्यालयात नाही. परिविक्षा अधिकाऱ्यांबद्दल मी वावगं बोलणार नाही. ज्यांच्याबरोबर मी काम केलं त्यांच्या टेबलावर मुलांची प्रकरणं, संस्थांच्या तपासण्या, महिलांच्या योजना असं सगळं एकत्र असतं. ते माझा फोन उचलतात, हाच त्यांचा मोठेपणा आहे.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर आणखी एक दार उघडलं आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडायचं. जन्मठेपेचे आणि फाशीचे गुन्हे वगळून, आणि एकाहून जास्त खटले प्रलंबित नसतील तर. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या शिक्षेची आहे. पण पहिल्यांदाच म्हणजे खरंच पहिल्यांदा का, की त्याच नावाच्या दुसऱ्या कुणाचा गुन्हा याच्या नावापुढे चिकटला आहे? हे तपासायला मला एकदा तीन पोलीस ठाणी फिरावी लागली. वडिलांचं नाव वेगळं होतं. एवढ्या एका ओळीवर एक माणूस अडकला होता.

तिसऱ्या तक्रारीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बाहेरून ती दिसत नाही. समाजकार्यकर्ता बचावाच्या बाजूचा असावा लागतो. परिविक्षा अधिकारी न्यायालयाला अहवाल देतो, कारागृहाचा कर्मचारी कारागृहाला बांधील असतो. आरोपी त्यांच्याशी तोलूनमापून बोलणार, आणि त्यानं तसंच बोलावं. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे, आणि वकिलाचे कारकून व नोकर यांनाही ते लागू होतं. मी जर वकिलाच्या कार्यालयाची रीतसर नेमलेली माणूस असेन, तर माझ्यापाशी सांगितलेली गोष्ट सुरक्षित राहते. आज इथून, उद्या तिथून आलेला स्वयंसेवक असेल तर ती खात्री कोण देणार?

एका बाईची गोष्ट सांगते. घरकाम करायची. मालकिणीच्या दागिन्यांच्या चोरीचा आरोप. चार वर्षांची मुलगी तिच्याबरोबर आत होती, कारण सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ ठेवता येतं. नऊ वर्षांचा मुलगा मात्र बाहेर. पोलीस आले तेव्हा त्याला ती शेजारणीकडे ठेवून ‘आत्ता येते’ सांगून निघाली होती. प्रत्येक तारखेला वकिलांना ती एकच विचारायची, पोराचं काय. वकिलांकडे उत्तर नव्हतं. आतल्या बायकांनी तिला सांगितलं, कबूल करून टाक, झालेली मुदत धरून सोडतील. ती कबुलीला तयार झाली. आमच्या वकिलांनी मला फोन केला, “मॅडम, ही गुन्हा कबूल करतेय आणि मला वाटतं हिनं काही केलेलं नाही.”

शेजारणीनं मुलाला अकरा दिवस सांभाळलं होतं. मग एक लांबची मावशी घेऊन गेली. शाळा सुटली होती. मी बाल कल्याण समितीपुढे विषय नेला, मावशीकडे त्याची रीतसर सोय झाली, आणि एका शुक्रवारी त्याला मुलाखतीला घेऊन गेले. काचेपलीकडून मायलेक काय बोलले ते मी ऐकलं नाही, बाजूला उभी होते. पण त्यानंतरच्या भेटीत त्या बाईनं पहिल्यांदा, चोरी झाली म्हणतात त्या दुपारबद्दल सांगितलं. ती वेळ तिनं रेशन दुकानाच्या रांगेत काढली होती. मशिनवर अंगठा लावला होता. ही गोष्ट महत्त्वाची आहे, हे तोवर तिला माहीतच नव्हतं, कारण तिचं लक्ष तिथे नव्हतंच. वकिलांनी त्या अंगठ्याची नोंद मागवली. ती निर्दोष सुटली.

मुलाचा शोध घेणं हे बचावाचं काम नाही, असं मला एकदा एका बैठकीत ऐकवण्यात आलं होतं. तेव्हा मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचं मला अजून वाईट वाटतं.

चौथी तक्रार छोटी आहे. सुटलेल्या माणसाकडे कुणी बघत नाही. जामिनावर सुटलेला मजूर तारीख विसरतो, किंवा तारीख पुढे गेल्याचं त्याला कळत नाही, किंवा त्या दिवशी कामावर खाडा केला तर ठेकेदार काढून टाकतो. मग वॉरंट निघतं, तो परत आत येतो, आणि दुसऱ्या खेपेला जामीन अवघड होतो. आदल्या संध्याकाळी एक फोन केला की यातली पुष्कळ वॉरंटं टळतात. मी ते फोन करते. कारागृह गावाबाहेर, सुटका अंधार पडताना, खिशात एसटीचे पैसे नाहीत, अशा वेळी गेटवर कुणी असलं तर बरं असतं. त्यालाही कुठल्या योजनेत शीर्षक नाही.

पाचवी तक्रार त्या माणसांची, ज्यांच्याकडे कागदच नाही. पारधी वस्तीतल्या माणसाकडे घरपट्टीची पावती मागणं म्हणजे त्याला आत ठेवणंच आहे. पालात राहणाऱ्याची घरपट्टी कुठली? अख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा, १८७१ मध्ये आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण गावातला कुणी त्याच्यासाठी जामीन राहत नाही, आणि भाड्याचे जामीनदार त्याच्या आईचं डोरलं विकायला लावतात. इथे कागदाच्या जागी त्या माणसाची मुळं कुठे आहेत हे न्यायालयापुढे मांडावं लागतं: कुठल्या शाळेत पोरं जातात, कुठल्या शेतावर तो राखण करतो, कोण त्याला ओळखतं. ही माहिती वस्तीवर गेल्याशिवाय मिळत नाही. आणि वस्तीवर पहिल्या फेरीत कुणी खरं बोलत नाही, कारण आजवर तिथे चौकशीला येणारे सगळे पोलीसच होते.

स्वयंसेवक हे करतील असं पत्रात म्हटलं आहे. आमच्या जिल्ह्यात उत्तम विधी स्वयंसेवक आहेत. त्यातल्या एका निवृत्त शिक्षकांकडून मी तलाठ्याशी कसं बोलावं हे शिकले. पण त्यांना कामाच्या दिवसापुरतं मानधन मिळतं, शिबिरं, लोकअदालती, हेल्प डेस्क अशी त्यांची नेमणूक फिरत राहते. एका माणसाचं प्रकरण अटकेपासून निकालापर्यंत त्यांच्या हाती राहत नाही. मनोरुग्ण आरोपी ओळखणं, त्याच्याशी बोलणं, न्यायालयाला उपयोगी पडेल असा अहवाल लिहिणं, याचं शिक्षण असतं. दोन वर्षं आम्ही ते घेतो. बराकीत कोपऱ्यात बसून राहणाऱ्या एका माणसाबद्दल सगळे म्हणत होते की तो मुद्दाम वकिलाशी बोलत नाही. त्याला आवाज ऐकू येत होते आणि त्या आवाजांनी त्याला बोलायची मनाई केली होती. हे कळायला मला पाच भेटी लागल्या. शिबिराच्या एका दिवसात ते कळलं नसतं.

आणि हे सगळं मी परदेशातून काही आणून मांडते आहे असंही नाही. १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या पोलीस कोठडीतल्या स्त्रियांच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. तेव्हा न्यायालयानं सत्य शोधायला कुणाला पाठवलं? मुंबईतल्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना. त्यांनी मुंबई मध्यवर्ती कारागृहात जावं, स्त्री कैद्यांशी दुसरं कुणी हजर नसताना बोलावं आणि अहवाल द्यावा, असं सांगितलं. आतल्या गरिबांना कायद्याची मदत मिळण्याची धड सोय नाही, हे त्या अहवालामुळे न्यायालयापुढे आलं, आणि १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात महाराष्ट्रातल्या कोठड्यांसाठी निर्देश निघाले. अटक झाली की लगेच विधी साहाय्य समितीला कळवावं, हा त्यातलाच एक. आज तुमच्या कार्यालयांच्या पायाशी जे दगड आहेत, त्यातला एक समाजकार्यकर्तीच्या अहवालाचा आहे. १९९० पासून टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प मुंबईपासून सुरुवात करून हेच काम करत आला आहे. माझ्या पिढीतल्या कित्येक जणी त्यांचं काम बघून या वाटेला लागल्या.

बाहेरचंच उदाहरण हवं असेल, तर न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९९७ पासून एक बचाव कार्यालय आहे, जिथे वकील आणि समाजकार्यकर्ते एकाच फायलीवर काम करतात. त्याच भागातल्या दुसऱ्या, नेहमीच्या पद्धतीच्या कार्यालयाशी तुलना करणारा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तुरुंगवासाची शिक्षा होण्याची शक्यता १६ टक्क्यांनी आणि शिक्षेची लांबी २४ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यात आढळलं, आणि लोकांच्या सुरक्षिततेला त्यामुळे धक्का लागल्याचं दिसलं नाही.

आपल्याकडे फाशीच्या खटल्यात ही गोष्ट मान्य झाली आहे. २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की फाशी देण्याआधी आरोपीचं बालपण, कुटुंब, शिक्षण, मनाची अवस्था यांची माहिती न्यायालयापुढे आलीच पाहिजे. ते योग्यच आहे. पण मग माणूस फासापर्यंत पोचला तरच त्याला आयुष्य असतं का? मोटर चोरल्याचा आरोप असलेल्या मुलाचं बालपण विचारायला कुणी नको?

देशातल्या कारागृहांत ३१ डिसेंबर २०२२ रोजी ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारातले तीन जण, ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. राज्यघटनेत ३९ अ हे कलम १९७६ मध्ये आलं. आर्थिक किंवा इतर कुठल्याही दुबळेपणामुळे कुणी न्यायाला मुकू नये, असं ते सांगतं. ‘इतर दुबळेपणा’ हे शब्द मी रोज पाहते. पाठ नसलेला फोन नंबर हा एक दुबळेपणा आहे. दुसऱ्या जिल्ह्यातला सातबारा हाही आहे.

माझ्या मागण्या या आहेत.

प्रत्येक लोक अभिरक्षक कार्यालयात निदान एक प्रशिक्षित समाजकार्यकर्ता पूर्ण वेळ नेमावा, आणि जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तिथे दोन, त्यातली एक स्त्री. हे पद योजनेच्या मंजूर पदांमध्ये यावं, प्रकल्पाच्या मुदतीवर लटकू नये. केंद्राच्या योजनेत बदल व्हायला वेळ लागणार असेल, तर तोवर राज्यानं आपल्या निधीतून ते भरावं.

हा समाजकार्यकर्ता मुख्य लोक अभिरक्षकांच्या हाताखाली असावा, आणि आरोपीनं सांगितलेली माहिती तो परवानगीवाचून कुणालाही देणार नाही, हे नेमणुकीच्या आदेशातच लिहावं.

जामीन होऊन सात दिवसांत न सुटलेल्यांची यादी दर सोमवारी कारागृहाकडून लोक अभिरक्षक कार्यालयात यावी. दर महिन्याला ती किती जणांची होती आणि त्यातले किती सुटले, हा आकडा नावं वगळून लोकांसमोर ठेवावा.

गरीब कैद्यांच्या योजनेची जिल्हा समिती महिन्यातून एकदा बसावी, आणि तिच्यापुढे प्रकरण तयार करून ठेवण्याची जबाबदारी नावानिशी एका माणसावर असावी.

बाहेरच्या जिल्ह्यातला जामीनदार केवळ त्या कारणावरून परत पाठवला गेला, तर त्याची नोंद व्हावी आणि ती प्रधान जिल्हा न्यायाधीशांपुढे जावी.

प्रवासखर्च, फोन आणि सुटकेच्या वेळच्या तिकिटासाठी कार्यालयाला छोटी अग्रिम रक्कम मिळावी. आजवर हे पैसे कुणाच्या ना कुणाच्या खिशातून गेले आहेत, बऱ्याचदा आमच्या वकिलांच्या.

यातली एकही मागणी नव्या कायद्याची नाही.

माझा शेवटचा दिवस या महिन्याची तीस तारीख आहे. माझ्याकडे एक लांब वही आहे. तिच्या डाव्या बाजूला नाव, गुन्हा नोंदणी क्रमांक, जामिनाची तारीख. उजव्या बाजूला काय अडलं आहे ते. आज तिच्यात अठरा नावं आहेत, ज्यांचा जामीन झाला आहे आणि जी आत आहेत. एकाचा भाऊ सुरतेहून कागद घेऊन निघाला आहे, त्याला गुरुवारी स्टँडवरून आणायचं आहे. एका म्हाताऱ्याचा आधार कार्डावरचा पत्ता जुना आहे. एका मुलीनं अजून घरचा पत्ताच सांगितलेला नाही, पण मागच्या भेटीत तिनं गावातल्या देवळाचं नाव सांगितलं. कार्यालयीन सहायकांना मी ही वही दाखवली. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की टंकलेखन, आवक-जावक आणि तारखांचा तक्ता सांभाळून त्यांना जेलला जाता येणार नाही.

तीस तारखेला ही वही मी कुणाच्या हाती द्यायची, तेवढं तरी त्याआधी लेखी कळवावं, ही विनंती.

आपली विश्वासू,
लोक अभिरक्षक कार्यालयातली एक समाजकार्यकर्ती